चाचणीला हत्ती नेऊ नये

३ मार्च

दादा,

नमस्कार आधी, भांडण नंतर. फोनवर तू बोलतोस आणि मी 'हं' म्हणते, म्हणून पत्र लिहितेय. कागदावर तरी माझं वाक्य पुरं होईल.

बातमी अशी, की आमच्या दवाखान्याला फिरती नर्स हवी आहे. टेकडीपलीकडच्या वस्त्यांमध्ये जी माणसं अंथरुणातून उठू शकत नाहीत त्यांच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, इंजेक्शनं द्यायची, बाळंतिणी बघायच्या. मेट्रनबाईंनी माझं नाव पुढे केलंय. मला तर वाटत होतं, बाईंना मी दिसतच नाही. इतकी वर्षं वॉर्डात दुसऱ्यांच्या हाताखाली राबले, आता माझा स्वतःचा भाग, माझे स्वतःचे पेशंट. हे मला हवंय, दादा. अगदी मनापासून हवंय. मी आजवर कधी काही असं मागितलेलं तुला आठवतं का? मलाही आठवत नाही.

अट एकच. एप्रिल संपायच्या आत मोटरसायकलचं लायसन दाखवायचं, नाहीतर जागा दुसरीला. दवाखाना गाडी देणार आहे, पण गिअरची. बिनगिअरच्या स्कूटरवर चाचणी दिली तर लायसनही तेवढ्यापुरतंच मिळतं, म्हणजे तो शॉर्टकट बंद.

चालवायला शिकले. शिकवणारे गुरुजी मागच्या सीटवर बसून डोळे मिटून घेतात, विश्वासाने की भीतीने ते विचारलं नाही. आता अडलंय गाडीपाशी. चाचणीला गाडी आपली आपण न्यायची असते. गुरुजींच्या गाडीचा क्लच इतका घट्ट आहे की दोनदा दाबला की मनगट सुजतं. औषधाच्या दुकानदाराने त्याच्या लेकाची गाडी देऊ केली, पण तिच्यावर बसलं की टाकीवर पालथं पडावं लागतं, आणि आठचा आकडा काढताना ती वळतच नाही, थेट शेजारच्या गावाला निघते. तिसरी आमच्या वॉचमनकाकांची. तिला सगळे 'शेळी' म्हणतात. हलकी, बुटकी, माझे दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकतात, हळू चालवली तरी बंद पडत नाही, ब्रेक-दिवे-आरसे सगळं जागच्या जागी. फक्त दिसायला गरीब. सीट सुतळीने बांधलेली आहे.

मला शेळीच बरी वाटते. पण तुला गाड्यांमधलं कळतं, असं तू म्हणतोस, म्हणून विचारतेय.

आई कशी आहे? तिला फोनवर ऐकू येत नाही, तेव्हा माझं पत्र वाचून दाखव. वहिनीची पाठ अजून दुखते का?

पिटू


९ मार्च

चि. पिटूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसावे की रडावे कळेना. शेळी! अगं, आपल्या घराण्यात आजवर कोणी शेळीवर बसले आहे का? घरात बाबांची गाडी, आपला 'हत्ती', असताना वॉचमनपुढे हात पसरायचा? बाबा हत्तीवर बसून निघाले की रस्ता आपोआप बाजूला व्हायचा, हे तू विसरलेली दिसतेस. त्याच गाडीवर ते पहिल्या फटक्यात चाचणी पास झाले. अधिकाऱ्याने उठून हात मिळवला होता. ही गोष्ट बाबांनी मला शंभरदा सांगितली आहे.

आता थोडे शास्त्र. वजनदार गाडी स्थिर असते आणि हलकी गाडी डगमगते. हे शाळेतल्या पोरालाही कळते. तू म्हणशील उंची. उंची ही मनाची असते. तू म्हणशील, हत्तीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, हल्लीच्या गाड्यांच्या बरोबर उलट. ज्याला मेंदू आहे त्याला दहा मिनिटांत सवय होते. शिवाय हत्ती पाहिल्याबरोबर अधिकाऱ्यावर जी छाप पडेल, तिथेच अर्धी चाचणी झाली समज.

आणि मुख्य म्हणजे आईचीही हीच इच्छा आहे. परवा डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "माझ्या लेकीने त्यांच्याच गाडीवर पास व्हावं." यापुढे मी काय बोलणार?

हत्ती उद्या ट्रकने रवाना करतो. पेट्रोलची टाकी अर्धी भरून ठेवली आहे.

जाता जाता एक सांगतो, वडीलकीच्या नात्याने. या वयात दगडधोंड्यांतून घरोघर हिंडणे तुला झेपणार आहे का, याचाही शांतपणे विचार कर. मनुष्याने आपली माणसे सोडून परक्यांच्या जखमा धुवाव्यात, यात मोठेपणा आहे, नाही असे नाही. पण पहिला मान घरचा. असो. वहिनीची पाठ दुखतेच आहे. तिला दुखायला काहीतरी लागतेच.

तुझा,
दादा


१७ मार्च

दादा,

हत्ती पोचला. ट्रकमधून उतरवायला चार माणसं लागली, आणि उतरवल्यावर चौघेही माझ्याकडे असं बघत होते, जसं आम्ही ऑपरेशनआधी पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतो.

बसून पाहिलं. एक पाय जमिनीला टेकवला की दुसरा हवेत. दोन्ही टेकवायचे तर मला खाली उतरावं लागतं. उंची मनाची असते हे मी हत्तीला समजावून सांगितलं, त्याने ऐकलं नाही. किक मारली, तर त्यानेच मला उलट मारली. पोटरीवर वांग्याच्या रंगाचा डाग आहे, मेट्रनबाईंनी विचारलं तर जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं. जिना परवडला.

गिअरचं तर विचारूच नकोस. शिकताना महिनाभर घासून घासून जे अंगवळणी पडलं, ते सगळं इथे उलटं. थांबायचं म्हटलं की पाय गिअरवर आणि गिअर टाकायचा म्हटलं की ब्रेकवर. तुझी दहा मिनिटं होऊन आठवडा होत आला. तेव्हा मला मेंदू नाही हे सिद्ध झालं, आता निवांत झोप.

उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ बघितले. शेळीवरून उतरवून हत्तीवर बसवणारा तू पहिलाच.

हे सगळं लिहून मी खरं तर हत्ती परत पाठवणार होते. ट्रकवाल्याशी बोललेही होते. पण आईने डोळ्यांत पाणी आणलं, असं तू लिहिलंस. दादा, आईने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं नाही. मोठी चपातीसुद्धा तिने कधी स्वतःच्या ताटात घेतली नाही. आता तिने एवढं एक मागितलं, तर मी नाही कशी म्हणू? नेते हत्तीलाच. तारीख अठ्ठावीस आहे. आईला सांग.

पिटू


२९ मार्च

दादा,

नापास.

तुला पूर्ण ऐकायचं असेलच, तर ऐक. मैदानात पोचले तेव्हा तुझी ती छाप खरोखरच पडली. रांगेतले सगळे हत्तीभोवती जमले, एकाने फोटो काढला. चाचणी घेणारे साहेब म्हणाले, "ही चालते?" मी म्हटलं, "चालते." त्यांनी विचारायला हवं होतं, "ही थांबते?"

आठचा आकडा काढताना दोनदा पाय टेकला, ते त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. माणूस भला आहे. मग म्हणाले, सरळ या, मी शिट्टी वाजवली की जागच्या जागी थांबायचं. शिट्टी वाजली. माझा उजवा पाय खाली गेला. ज्या पायाने महिनाभर ब्रेक दाबला तोच पाय, त्याचा काय दोष? पण तिथे ब्रेक नव्हता, गिअर होता. हत्ती वरच्या गिअरमध्ये गेला आणि काहीच न झाल्यासारखा पुढे चालत राहिला. डावीकडे ब्रेक आहे हे मला आठवलं, पण तोवर आम्ही साहेबांच्या टेबलापर्यंत पोचलो होतो. साहेब उडी मारून बाजूला झाले. रस्ता बाजूला होतो म्हणतात तो असा. चहा कागदांवर सांडला, टेबल आडवं झालं आणि मग कुठे हत्ती बंद पडला.

साहेबांनी शेरा लिहिला. माझ्या नावापुढे एकच शब्द पुरला असता, त्यांनी दोन ओळी लिहिल्या.

मला कोणाला सांगायचं नाही, पण तुला सांगते. परत आल्यावर ड्रेसिंगच्या खोलीत कडी लावून रडले. पेशंटला लावायच्या कापसानेच डोळे पुसले. पुढची तारीख तेवीस एप्रिल. त्यानंतर दुसरी तारीख नाही, आणि जागाही नाही.

आईला काय सांगशील?

पिटू


४ एप्रिल

चि. पिटूस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मन हेलावले. पण खरे सांगू? मला कुठेतरी वाटलेच होते. अपयश म्हणजे वरून आलेली सूचना असते, ती ज्याने ओळखली तो शहाणा.

तेवीस तारखेला पुन्हा हत्तीच ने. मध्येच गाडी बदललीस तर लोक म्हणतील, घाबरली. हत्तीवर नापास होण्यातही एक प्रतिष्ठा आहे. आणि समज, नाही जमले, तरी जिवाला लावून घेऊ नकोस. तुझे घर तुझ्यासाठी उघडे आहे. मागची खोली मी रंगवून घेतली आहे. आईच्या खाटेला लागूनच तुझी खाट टाकली आहे, खिडकीला जाळी बसवली आहे. रंगाचा वास आधी फार उग्र होता, पण आता त्यालाही महिना होत आला, तेव्हा तुला त्रास होणार नाही.

आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे तुला मी काय सांगणार. तू तर यातली तज्ज्ञ. परके हात ते परके हात. वहिनीला मी सांगूनही टाकले आहे, की मे महिन्यापासून तुला मोकळीक. ती काही बोलली नाही, पण आनंदली असणार.

तेव्हा निकाल काहीही लागो, चांगलेच होईल.

तुझा,
दादा


९ एप्रिल

वहिनी,

हे पत्र तुझ्या नावे टाकतेय. दादा ऑफिसात असताना आईच्या कानाशी बसून मोठ्याने वाच.

आई, मला एकच विचारायचंय. बाबा जिच्यावर पहिल्या फटक्यात पास झाले त्या गाडीवर मीही पास व्हावं, असं तू डोळ्यांत पाणी आणून म्हणालीस का? खरंच म्हणाली असशील तर तेवीसला मी हत्तीच नेईन, मग हातपाय मोडले तरी चालतील. म्हणाली नसशील तर तेही सांग.

वहिनी, तुलाही एक विचारते. दादा लिहितो, मे महिन्यापासून तुला मोकळीक म्हणून तू आनंदलीस, आणि खोलीच्या रंगाला महिना होत आला. म्हणजे मी चाचणीला कुठली गाडी नेऊ म्हणून विचारलं, त्याच आठवड्यात त्याने रंगारी बोलावला. मी अजून नापास व्हायची होते गं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर त्याने आधीच खाट टाकून ठेवलीय. माझा संशय खोटा असेल तर माझे कान उपट.

पिटू


१४ एप्रिल

पिटू,

आई सांगताहेत, मी लिहितेय. त्यांनी दम दिलाय की एकही शब्द गाळायचा नाही.

"पिटू बाळ, मी असलं काही म्हटलं नाही. डोळ्यांत पाणी येतं ते मोतीबिंदूच्या औषधाने. ते दिवसातून तीनदा घालतात, त्या हिशेबाने माझ्या रोज तीन इच्छा व्हायला हव्यात.

"आणि दादाला ती पहिल्या फटक्याची गोष्ट कोणी सांगितली? तुझ्या बाबांनीच. तुझे बाबा हत्तीवर दोनदा नापास झाले. दुसऱ्यांदा तर कुंपणात शिरले, मी पँटचा गुडघा शिवला. तिसऱ्या वेळी दूधवाल्याची छोटी गाडी मागून नेली, हँडलला किटल्यांचे हूक होते तिला. तिच्यावर पास झाले. येताना ती परत केली, हत्तीवर बसले, आणि गल्लीत असे शिरले की जसं काही हत्तीनेच पास केलं. मी गप्प बसले. नवरा उंच दिसत असला की बायका त्याच्या पायाखालचा पाट दाखवत नाहीत. पण त्या पाटापायी माझी लेक पडणार असेल, तर आता सांगते.

"रंगारी आला तेव्हा मी विचारलं, कोण येणार आहे? दादा म्हणाला, पिटू कायमची येतेय, तिचं तिकडे काही जमत नाही. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? तू मला रोज हवीस. तुझा हात पाठीवरून फिरला की मला झोप लागते. पण मला माझी लेक पास होऊन आलेली हवी. हरवून आणलेली नको. तू रोज माझ्या उशाशी बसशील आणि मी रोज तुझं तोंड बघत पडून राहीन, हे माझ्याच्याने होणार नाही. दूधवाल्याची गाडी ने, वॉचमनची ने, कोणाचीही ने. पाय जमिनीला टेकतील अशी ने."

आई दमल्या, झोपल्या. आता माझ्या पदरचं थोडं.

मी आनंदले, असं ह्यांनी लिहिलंय. मी गप्प होते कारण बोलले असते तर भांडी फुटली असती. एकीच्या मानेवरचं जू काढायचं, दुसरीच्या मानेवर ठेवायचं, आणि त्याला मोकळीक म्हणायचं. अगं, ह्यांना मी कितीदा म्हटलं, एक दिवस तरी तुम्ही आईंची पाठ पुसा. म्हणतात, पुरुषाचा हात जड असतो. हाच हात कॅरमवर सोंगटीला असा लागतो की पीस लागावं.

मला तुझी सोबत आवडेल. तुझा बळी नको. नीट चालव.

वहिनी


२४ एप्रिल

दादा,

पास झाले. शेळीवर.

साहेबांनी मला लांबूनच ओळखलं आणि टेबल भिंतीपर्यंत मागे ओढून घेतलं. शेळी पाहिल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. यावेळी कोणी जमलं नाही, कोणी फोटो काढला नाही. आठचा आकडा काढला, चढावर थांबून पुन्हा निघाले, शिट्टी वाजली तिथल्या तिथे उभी राहिले. साहेब म्हणाले, "बाई, ही गाडी आधीच का नाही आणली?" मी म्हटलं, "घरात एक तज्ज्ञ आहेत." मेट्रनबाईंनी कागदावर सही केली, एक तारखेपासून टेकडीपलीकडचा भाग माझा.

आई आणि वहिनी काय म्हणाल्या ते तुला कळलंच असेल, किंवा नसेल, ऐकायला थांबलास तरच कळतं. बाबा हत्तीवर दोनदा नापास झाले होते. त्यांनी थाप मारली ती आपल्या मुलासमोर उंच दिसायला. तू मारलीस ती मला खाली ओढायला, तीही आईच्या तोंडून. ह्याचा मला राग आहे, आणि तो लवकर जाणार नाही. हत्ती ट्रकने परत येतोय, उतरवायला चार माणसं सांगून ठेव.

तू सरळ लिहिलं असतंस, "पिटू, आमच्याने होत नाही, तू ये," तर मी कदाचित आलेही असते. तीच मला भीती वाटते. रात्री वॉर्डात कोणाची आई कण्हली की मला आपली आठवते. पण तुला विचारायची लाज वाटली आणि पाडायची नाही वाटली.

खोली रंगवलीस ते छान केलंस. ती खाटही तिथेच राहू दे. तिच्यावर तू झोपायचं आहेस. मी रविवारी येतेय, एक दिवसाकरता. वहिनी त्या दिवशी माहेरी जातेय, महिनाभर राहणार आहे, आमचं ठरलंय. आईला कुशीवर कसं वळवायचं, माणूस न उठवता चादर कशी बदलायची, पाठ कुठल्या पाण्याने आणि किती दाबून पुसायची, सगळं तुला शिकवते. जड हाताची काळजी करू नकोस. तुझ्यापेक्षा आडदांड वॉर्डबॉय मी शिकवून तयार केलेत, एकाचाही हात जड राहिला नाही. पहिल्यांदा तुला मळमळेल. दुसऱ्यांदा रडू येईल, ती आपली आई आहे म्हणून. त्यानंतर नुसतं काम असतं.

रविवारी सकाळी नखं कापून, बाह्या दुमडून तयार राहा.

पिटू